घरात एवढं जुनं, तरी अडगळ कशी नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारा जो तो पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचा केलेला दिवा बघतो, शिवणयंत्राच्या सांगाड्यावरचं टेबल बघतो आणि हळूच विचारतो, "एवढं भंगार आणता, तरी घर भंगाराचं दुकान कसं वाटत नाही?"

कारण बहुतेक वस्तू मी आणतच नाही. जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवायला काढला की तुळया, चौकटी, कड्या-कोयंडे रस्त्यावर येतात आणि हात शिवशिवतात. तेव्हा एवढंच बघायचं, ही वस्तू घरात कुठे बसणार आणि काय काम करणार. "बघू नंतर" असं मनात आलं की पुढे चालायला लागायचं. गॅलरीत "बघू नंतर"चे ढीग लावणारे माझ्या नात्यातच आहेत, नावं घेत नाही.

टेबलाची फळी म्हणजे वाड्याचं सागवानी दार. असं दार घेताना खालची वीतभर जागा आधी तपासा. गोदाकाठच्या वाड्यांत पुराचं पाणी शिरतं. 2016 च्या ऑगस्टात सराफबाजार, भांडीबाजार पाण्यात होते. भिजून गेलेलं लाकूड वरून ठणठणीत दिसतं, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की आत जातं. तेवढा भाग सुताराकडून कापून घ्यायचा. वाळवी दिसली तर दार घरात आणूच नका, कितीही नक्षी असो.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. मास्क लावून, पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने काढायचा आणि पोरांना लांब ठेवायचं. लाकूड वाळलं की 80 नंबरचा पेपर, मग 120, शेवटी 220, रेषांच्या दिशेने. वर जवसाचं तेल. त्या तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. कडीची भोकं मी बुजवली नाहीत. लोखंडी सांगाड्याला तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग) आणि काळा रंग, झालं. पायटा मोकळाच ठेवलाय. हिशेब लिहिताना पाय चालतो.

बंबाला चिंच आणि मीठ पुरतं, मग धुऊन लगेच कोरडा करायचा. मधल्या नळ्यातून, जिथे पूर्वी कोळसे पडायचे, वायर वर घेतली आणि तोंडाशी होल्डर बसवला. दिसायला सोपं आहे, पण अख्खं अंग धातूचं. वायर कुठे सोलली गेली तर करंट थेट तांब्यात उतरणार. म्हणून तीन तारांची केबल, अर्थिंगची तार तांब्याला पक्की जोडलेली आणि तीन पिनांचा प्लग. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पितळी घंगाळात झाड लावायचं तर भोक पाडू नका, झाडाची प्लॅस्टिकची कुंडी आत ठेवा. पाणी साचलं की ओतून द्या. चिरलेली, ठोके पडलेली भांडी मी मोडीत देते. भांडीबाजारात वजनावर घेतात आणि वायर-पॉलिशचा खर्च त्यातून सुटतो.

आणि वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत लाइटच्या माळा? नाशकात बाटल्यांना तोटा नाही, पण मी त्या करत नाही. आत धूळ जाते, पुसता येत नाही. सरळ भंगारवाल्याला देते.