गीअरच्या स्टिअरिंगवर खरा वाटेल असा ड्रिफ्ट: माझा अनुभव

ओहोटीच्या वेळी खाडी ओलांडताना तरीवाला होडीचं नाक सरळ धक्क्यावर धरत नाही. पाण्याच्या ओढीविरुद्ध तिरकं धरतो, आणि होडी बरोबर धक्क्याला लागते. ड्रिफ्टमध्ये, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळताना, गाडीचंही तसंच, नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे. हा फरक हाताला कळला पाहिजे. तो कळेपर्यंत खेळातला ड्रिफ्ट नुसता धूर वाटतो.

मी असेटो कोर्सा हा संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ वापरतो. खेळ २०१४चा आहे, पण टायर घसरतो तेव्हा काय होतं ते त्यात फार नीट उतरलंय. गाडी आडवी गेली की पुढची चाकं ज्या दिशेला गाडी सरकतेय तिकडे आपोआप वळतात, कारण कॅस्टरमुळे, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाच्या तिरकेपणामुळे, टायरचा जमिनीला टेकणारा भाग स्टिअरिंगच्या आसाच्या थोडा मागे असतो. कपाट ढकलताना त्याची चाकं वळतात, तसंच. म्हणून खऱ्या गाडीत ड्रिफ्ट सुरू झाला की ड्रायव्हर स्टिअरिंग सैल सोडतो, ते हातातून फिरू देतो आणि हव्या त्या कोनाला पकडतो. नवखा माणूस ते घट्ट धरून स्वतः फिरवायला जातो. हात मागे पडतो, गाडी गिरकी घेते.

म्हणून आधी फोर्स फीडबॅक, म्हणजे खेळातला जोर मोटरने हाताला जाणवून देणं. माझं स्टिअरिंग लॉजिटेकचं जी२९, ९०० अंश फिरणारं, आत मोटरचा जोर पोचवणारे गीअर. गीअरमुळे ते हवं तेवढ्या वेगाने स्वतःहून फिरत नाही, म्हणून ड्रिफ्टपुरतं मी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि खेळात दोन्हीकडे ५४० अंश करतो. एकाच ठिकाणी बदललं तर पडद्यावरचे हात आणि आपले हात जुळत नाहीत. डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंग जड करणारा कृत्रिम अडथळा, शून्य. मग खेळातल्या पेडल अ‍ॅपमधली फोर्स फीडबॅकची पट्टी बघत एक फेरी मारायची. ती लाल झाली म्हणजे ताकद मर्यादेबाहेर गेली आणि त्यापुढचा तपशील हातापर्यंत येतच नाही. नमपॅडवरचं वजाचं बटण दाबत लाल फक्त मोठ्या धक्क्यालाच दिसेल इतकं खाली आणतो. मिनिमम फोर्स, म्हणजे हाताला पोचणारा कमीत कमी जोर, ५ टक्क्यांपासून एकेक वाढवायचा. मधला ढिलेपणा गेला की थांबायचं, त्यापुढे सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थरथरतं.

पडद्याचा उशीर हा दुसरा शत्रू. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, असतील तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. व्हीसिंकमुळे (चित्रं पडद्याच्या गतीशी जुळवणारी सोय) तीन फ्रेम अडकल्या तर ५० मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्यात शेपूट बरीच पुढे गेलेली असते. व्हीसिंक बंद, टीव्ही असेल तर गेम मोड चालू. २७ इंची पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन ३१ अंश येतो. तो ड्रिफ्टला अरुंद पडतो, म्हणून कस्टम शेडर्स पॅच या खेळाच्या जोडणीतलं नेक एफएक्स लावून नजर जायच्या दिशेला वळवतो.

गाडी बीएमडब्ल्यू एम३ ई९२ ड्रिफ्ट, गाडी सावरणाऱ्या खेळातल्या मदती सगळ्या बंद. मागच्या टायरची हवा ४-५ पीएसआय वाढवली की पकड कमी होते आणि कमी वेगातही सराव होतो. दुसऱ्या गीअरमध्ये गोल फिरायचं, मग आठचा आकडा. आठच्या मधोमध बाजू बदलताना सगळ्यात जास्त चूक होते: गाडी वळायला लागली की घाबरून एक्सलरेटर पूर्ण सोडला जातो, मागच्या टायरला एकदम पकड मिळते आणि शेपूट उलट्या बाजूला फेकली जाते. अर्धाच सोडायचा, स्टिअरिंग हातातून जाऊ द्यायचं, पकडलं की परत दाबायचा.

आपल्या कोकणात आणखी एक काम. पेडलच्या आत ते किती दाबलंय हे मोजणारे पोटेन्शिओमीटर असतात. जून-जुलैच्या दमट, खारट हवेत ते खराब होतात आणि पाय स्थिर असताना ब्रेकची पट्टी नाचते. उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पूर्ण सुकू द्यायचं, पंखा लावून. फरशीवर पेडल सरकतात, म्हणून पाठीमागे भिंतीपर्यंत लाकडी फळी अडकवतो. वीज झपकली की स्टिअरिंग पुन्हा कॅलिब्रेट होतं आणि चालू फेरी वाया जाते. यूपीएसवर संगणकाबरोबर स्टिअरिंगचा अडॅप्टरही लागतो, हे अनेकजण विसरतात.

एवढं करूनही खऱ्या गाडीत पाठीला जो आडवा झटका बसतो, तो इथे नाही. आंबा घाटात पावसात, इंजिन पुढची चाकं फिरवतं अशी गाडी नाकाने बाहेर सरकते, मागून नाही, तेव्हा या सरावाचा तिथे उपयोग धरू नये. झटक्याची उणीव मी कानाने भरतो: इंजिनाचा आवाज कमी, टायरचा जास्त. किंचाळणं जाड झालं की मागची पकड परत येतेय, तेव्हा पाय अजून दाबायचा.