ब्रिस्टलला बँक्सी बघायला जाताय? मग हे वाचून जा

२००९ च्या उन्हाळ्यात लंडनहून ब्रिस्टलला जाऊन तिथल्या म्युझियममधलं बँक्सीचं (भिंतींवर चित्रं काढणारा, खरं नाव लपवून ठेवणारा इंग्लिश कलाकार) प्रदर्शन बघून आलो. ते त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंतच होतं. पॅडिंग्टनहून टेम्पल मीड्सपर्यंत ट्रेनने पावणेदोन तास, गाडी नकोच, पार्किंग शोधण्यात निम्मा जीव जातो.

एंट्री फुकट होती, मग गर्दी काय विचारता! क्वीन्स रोडवर म्युझियमच्या बाहेर लांबच लांब रांग, तासन्‌तास. दहाला दार उघडायचं पण त्याच्या बरंच आधी जाऊन उभं राहावं लागायचं, वीकेंड टाळावा लागायचा, खायला काहीतरी आणि छत्री ठेवावी लागायची (इंग्लंडचा उन्हाळा, भरवसा नाही).

आत शिरल्या शिरल्या जळकी आइसक्रीमची व्हॅन, आणि नाण्यावर चालणाऱ्या घोड्यावर डुलणारा दंगलीच्या वेशातला पोलीस. मग ते हलणारे प्राणी, म्हणजे भांड्यात पोहणारे फिश फिंगर्स, आणि फांदीवर पहुडलेला बिबट्या, शेपूट हलत होती, जरा पलीकडे जाऊन बघितलं तर नुसता फरचा कोट! पोरं तिथून हलायला तयार नसायची.

बरेच जण एवढं बघून, फोटो काढून कटायचे. चुकायचे राव, खरी मजा वरच्या मजल्यांवर होती. तिथे म्युझियमच्या जुन्या वस्तूंमध्ये बँक्सीने आपला माल बेमालूम घुसवला होता. शेतात कणसं वेचणाऱ्या बायकांचं ते प्रसिद्ध चित्र आहे ना, त्यातली एक बाई चक्क फ्रेमच्या कडेवर येऊन बसली होती, सिगरेट ओढत. थोड्या वेळाने आपल्याला खऱ्याखुऱ्या मडक्यांचाही संशय यायला लागायचा. चिंपांझींनी भरलेल्या पार्लमेंटचं मोठं चित्रही होतं. एक-दोन गोष्टी चावट होत्या.

ब्रिस्टलला गेलात तर म्युझियमपासून पार्क स्ट्रीट उतरून खाली या, चढण नाही त्यामुळे पाय दुखत नाहीत. वाटेतल्या पुलावरून फ्रॉगमोर स्ट्रीटच्या भिंतीवरचा, खिडकीला लटकलेला नागडा प्रियकर दिसतो, २००६ चा, तोही बँक्सीचाच. तसंच पुढे कॉलेज ग्रीनला राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे, ते १८३३ मध्ये ब्रिस्टलमध्येच वारले. स्टोक्स क्रॉफ्टचं टेडी बेअरवालं भित्तिचित्र उलट्या दिशेला आहे, ते वेळ असेल तरच.