दोन सॉर्टेड याद्यांची वजाबाकी: आतापर्यंतची प्रगती

बॅकअप डिस्कवर काय काय कॉपी व्हायचं राहिलंय ते सांगणारं छोटं टूल लिहितेय, त्याची ही नोंद. काम ऐकायला साधं आहे. मूळ डिस्कवरच्या फाइलींची यादी, तिला क म्हणू, आणि बॅकअपवरची यादी ख, दोन्ही सॉर्ट केलेल्या, आणि क मधून ख वजा. पायथॉनमध्ये दोन सेट घेऊन मध्ये वजाबाकीचं चिन्ह टाकलं की झालं, आणि यादी लहान असेल तर मीही तेच करेन. पण याद्या मोठ्या आहेत, आधीच सॉर्ट होऊन डिस्कवर पडल्यात, मग सगळं मेमरीत का ओढायचं, दोन्हीकडून एकेक ओळ वाचत गेलं तर कुठल्याही क्षणी मेमरीत दोनच ओळी लागतात आणि उत्तरही आपोआप सॉर्टेड निघतं. हे मला फार आवडतं.

पहिल्या दिवशी लूप लिहिला. क ची ओळ लहान असेल तर ती उत्तरात टाकायची आणि क पुढे, ख ची लहान असेल तर नुसतं ख पुढे, सारख्या असतील तर दोन्ही पुढे. ख आधी संपली तर क मधलं उरलेलं सगळं उत्तरात जातं, क आधी संपली तर ख मधलं उरलेलं काहीच जात नाही, थांबायचं. मर्जचा, म्हणजे दोन सॉर्टेड याद्या एकत्र करण्याचा, कोड डोक्यात असल्यामुळे मी सुरुवातीला दोन्हीकडचं उरलेलं ओतलं होतं, ते छोट्या टेस्टमध्येच सापडलं.

मग डुप्लिकेट. क मध्ये २, ४, ४, ७, ९, १२ आणि ख मध्ये ४, ५, ९ घ्या. वरच्या लूपने २, ४, ७, १२ येतं, कारण ख मधल्या एका ४ ने क मधला एकच ४ खाल्ला, दुसरा ४ पुढच्या ५ समोर उभा राहिला आणि वाचला. सीप्लसप्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं सेट डिफरन्स अगदी असंच वागतं, पहिल्यात एखादी गोष्ट ५ वेळा आणि दुसऱ्यात २ वेळा असेल तर उत्तरात ३ वेळा येते. मला मात्र हे नको होतं. फाइलींच्या पाथमध्ये, म्हणजे फोल्डरसकट पूर्ण पत्त्यात, डुप्लिकेट नसतातच, पण नंतर मी पाथऐवजी चेकसमच्या, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या छोट्या आकड्यांच्या, याद्या लावल्या आणि एकच फोटो दोन ठिकाणी असला की एकच चेकसम दोनदा येतो, बॅकअपवर त्याची एक कॉपी असली तरी मला पुरते. त्यासाठी बदल एका ओळीचा आहे, सारखे निघाले की फक्त क पुढे सरकवायचा, ख जागेवर. उत्तर २, ७, १२.

तुलनेबद्दल एक. नुसतं 'लहान आहे का' एवढंच विचारता येत असेल तर दोन ओळी सारख्या आहेत हे कळायला दोनदा विचारावं लागतं, क ख पेक्षा लहान नाही आणि ख क पेक्षा लहान नाही. म्हणूनच सेट डिफरन्सची तुलनांची कमाल मर्यादा दोन्ही लांबींच्या बेरजेची दुप्पट वजा १ अशी दिलेली असते. पाथच्या बाबतीत हे खटकतं, कारण सॉर्टेड यादीतल्या शेजारच्या पाथचा सुरुवातीचा भाग लांबलचक सारखा असतो आणि तोच दोनदा चालून जावा लागतो. लहान, सारखं, मोठं असं एकाच फटक्यात सांगणारी तुलना वापरली की हे सुटतं.

आता ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला ते. टूल चालवलं तर अख्खा एक फोल्डर 'बॅकअपवर नाही' म्हणून आला, आणि डिस्क उघडून बघते तर तो तिथेच, सगळ्या फाइलींसकट. लूप कागदावर तीनदा चालवून बघितला, चूक नाही. शेवटी दोन्ही याद्या शेजारी उघडल्या तेव्हा दिसलं. क ची यादी मी फोल्डरमागून फोल्डर उतरत, प्रत्येक पातळीवर नावं सॉर्ट करत बनवली होती, ख ची यादी मात्र पूर्ण पाथच्या ओळी एकदम सॉर्ट करून. 'फोटो' आणि 'फोटो-जुने' असे दोन फोल्डर घ्या. फोल्डर उतरत गेलं तर 'फोटो' आधी, त्याच्या आतलं सगळं, आणि मग 'फोटो-जुने'. पण पूर्ण ओळी बाइटप्रमाणे लावल्या की 'फोटो' नंतर एकीकडे हायफन येतो आणि दुसरीकडे स्लॅश, हायफनचा कोड ४५, स्लॅशचा ४७, म्हणजे 'फोटो-जुने' मधल्या फाइली आधी! दोन्ही याद्या सॉर्टेडच होत्या, आपापल्या नियमाने. लूपने ख मधलं 'फोटो-जुने' लहान म्हणून ओलांडलं आणि क मध्ये ते आलं तेव्हा ख खूप पुढे निघून गेली होती. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, यासाठीच फोल्डरच्या नावापुढे स्लॅश आहे असं धरून सॉर्ट करतात, मीही तोच नियम उचलला.

यातून एक गोष्ट लक्षात आली जी मला आधी सुचली नव्हती. या लूपमध्ये क मधली ओळ गाळली जाते ती फक्त समोर तंतोतंत तीच ओळ ख मध्ये सापडली तरच. म्हणजे क्रम कितीही बिघडलेला असू दे, खरोखर राहिलेली फाइल कधीच लपत नाही, उत्तर चुकलं तर जास्तीचंच येतं. इंटरसेक्शनमध्ये, म्हणजे दोन्हीकडे असलेलं शोधताना, बरोबर उलटं, तिथे क्रम बिघडला की खऱ्या जोड्या निसटतात. कॉपी करायच्या यादीसाठी हे बरंच आहे, फार तर काही फाइली परत कॉपी होतील. पण हाच लूप उलटा लावून, ख मधून क वजा करून, 'मूळ डिस्कवर नाही ते बॅकअपवरून काढून टाक' असं केलं तर जास्तीचं उत्तर म्हणजे चांगल्या फाइली डिलीट. ते फीचर मी अर्धं लिहिलं होतं, तिथल्या तिथे बंद केलं.

मग पहारा बसवला. प्रत्येक यादी वाचताना मागची ओळ लक्षात ठेवायची आणि नवी ओळ तिच्यापेक्षा लहान निघाली की ओळ क्रमांक सांगून थांबायचं. दर ओळीला एक तुलना वाढते, चालेल. दोन सॉर्टेड याद्या ताडून बघणारी लिनक्सवरची कॉम कमांडही यादी सॉर्टेड नसेल तर कुरकुर करते. तिथे लोकेल, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणारी भाषेची सेटिंग, वेगवेगळं असलं तरी हाच घोळ होतो, सॉर्ट एका लोकेलमध्ये आणि कॉम दुसऱ्यात. मी दोन्हीकडे सी लोकेल लावते, म्हणजे सरळ बाइटचा क्रम.

पहाऱ्यातूनही एक निसटलं. 'दऱ्या' नावाची फाइल दोन्हीकडे होती, डोळ्यांना सारखीच, तरी राहिलेली म्हणून आली. एका नावात ऱ हे एकच अक्षर होतं, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, दुसऱ्यात र आणि वेगळा नुक्ता, ६ बाइट. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समान, बाइटच्या दृष्टीने नाहीत. नॉर्मलाइज केलं, म्हणजे दोन्ही एकाच रूपात आणले, की जुळतं, पण ते सॉर्टच्या आधी करायला हवं, नंतर केलं तर ती ओळ चुकीच्या जागी अडकून राहते.

सध्या क खूप छोटी आणि ख खूप मोठी असते तेव्हाचं बघतेय. क मध्ये ५० ओळी आणि ख मध्ये १० लाख, साधा लूप ख ची जवळपास प्रत्येक ओळ चाळणार. प्रत्येक ओळीसाठी ख मध्ये बायनरी सर्च केला, म्हणजे दर वेळी उरलेली यादी अर्धी करत शोधलं, तर २० तुलना, एकूण १,०००. गॅलपिंगमध्ये आहोत तिथून १, २, ४, ८ अशा उड्या मारत पुढे जायचं आणि ओलांडलं की मधल्या पट्ट्यात बायनरी सर्च, बेंटली आणि याओ यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही युक्ती, टिमसॉर्ट या सॉर्ट करण्याच्या पद्धतीतही आहे. या ५० ओळी ख मध्ये सारख्या अंतरावर पसरल्या असतील तर दर ओळीला तीसेक तुलना, एकूण १,५००, म्हणजे इथे साधा बायनरी सर्चच जिंकतो. पण दोन्ही याद्या १० लाखांच्या असल्या की बायनरी सर्चला २ कोटी तुलना लागतात आणि गॅलपिंग मात्र साध्या लूपच्या काही पटीतच राहतं. कुठली यादी किती मोठी निघेल हे आधी माहीत नसतं, म्हणून मी गॅलपिंग घेतलं.

अडचण एवढीच की उड्या मारायला कुठली ओळ फाइलीत कुठल्या बाइटवर सुरू होते ते माहीत हवं. ख ची यादी बनवतानाच या ऑफसेटची, म्हणजे बाइटच्या जागांची, वेगळी फाइल लिहायला घेतलीय, तोवर गॅलपिंग फक्त मेमरीतल्या याद्यांवर चालतंय.