फ्रांस्वाझ आर्दीचा आवाज

रात्री भांडी आवरून झाली की मी हेडफोन लावते आणि फ्रांस्वाझ आर्दी ऐकते. फ्रेंच फारसं कळत नाही, पण तिचं एकटेपण कळतं.

बॅकलॉरिया, म्हणजे फ्रान्सची शालान्त परीक्षा, पास झाल्याबद्दल तिला गिटार मिळाली होती. १९६२ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, स्वतः लिहिलेल्या गाण्यानं ती फ्रान्सभर पोचली. आपल्या वयाची सगळी मुलं-मुली जोडीनं फिरतात आणि मी एकटीच चालते, एवढंच त्यात आहे. किती साधं! मी अठराची असताना हे मला कुणी म्हणून दाखवायला हवं होतं.

तिला रंगमंचाची भीती वाटे. १९६८ नंतर तिनं मैफिली सोडल्या, गाणं नाही. मला सगळ्यात जवळचा आहे तो १९७१ चा 'ला केस्त्यों' हा अल्बम. तुका या ब्राझीलच्या गिटारवादिकेची गिटार, थोडी व्हायोलिनं, आणि आर्दी जणू कानाशी बोलतेय. ओळ संपताना ती सूर ताणत नाही, हळूच सोडून देते. तिथे मी दरवेळी थांबते, मागे जाऊन पुन्हा ऐकते.

२००४ मध्ये कर्करोगाचं निदान झालं, तरी २०१८ मध्ये तिचा नवा अल्बम आला. ११ जून २०२४ ला ती गेली. त्या रात्री भांडी तशीच राहिली.