एक नाव, तीन कागद आणि एम. टीएच.चा प्रवेश

बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ईश्वरविज्ञानातील पदवी) झाल्यावर नऊ वर्षे निपाणीजवळच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून सेवा केली आणि मग व्यावहारिक ईश्वरविज्ञानात, म्हणजे मंडळीतील प्रत्यक्ष सेवेच्या अभ्यासात, एम. टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) करण्याचे ठरविले. आमच्याकडे उपासना मराठीत होते, दवाखान्यात रुग्णाशेजारची प्रार्थना अनेकदा कन्नडमध्ये आणि दफनविधी दोन्ही भाषांत. अशा कामातूनच प्रश्न उचलायचा, पवित्र शास्त्र आणि परंपरा यांच्याशी तो ताडून पाहायचा व पुन्हा कामाकडे परतायचे, ही या विषयाची रीत मला भावली होती. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटच्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा व मुलाखत पार पडली.

घोडे अडले ते मंडळीच्या शिफारसपत्रापाशी. माझ्या एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) गुणपत्रिकेवर नाव आणि वडिलांचे आद्याक्षर एवढेच आहे, आडनाव नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी येते. बाप्तिस्म्याच्या मराठी नोंदवहीत वडिलांचे नाव पूर्ण आहे, पण आडनाव गावावरून लिहिलेले आहे. दोन राज्यांत शिकलेल्या सीमाभागातील माणसाला यात नवल वाटणार नाही; पत्र देणाऱ्या कार्यालयातील लेखनिकांना मात्र ही तीन माणसे वाटली. तिन्ही नावे माझीच, असे नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर कन्नडमध्ये केलेले प्रतिज्ञापत्र तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून राहिले आणि त्यानंतर, ते इंग्रजीत हवे, असे मला सांगण्यात आले. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. दर मंगळवारी बसने बेळगाव गाठायचे आणि ‘साहेब सभेला गेलेत’ एवढे ऐकून परतायचे, या क्रमात मला येणारा राग पाळकाला शोभणारा नव्हता, हे कबूल करतो. जर्मन ईश्वरविज्ञानी श्लायरमाखर यांनी १८११ मध्ये व्यावहारिक ईश्वरविज्ञानाला ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाचा मुकुट म्हटले होते. माझा मुकुट आडनावात अडकला होता. मुदतीला चार दिवस उरले असताना पत्र हाती पडले, तेव्हा बसस्थानकावर उभ्यानेच ते तीनदा वाचले.

म्हणून सांगतो, अर्ज भरण्यापूर्वीच सर्व कागदांवरील नावे शेजारी ठेवून पाहावीत, प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच इंग्रजीत करावे आणि मूळ प्रत कोणाच्याही टेबलावर सोडू नये. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: मुलाखतीत ‘सीमाभागातील पाळकीय सेवा’ असा ऐसपैस संशोधनविषय चालत नाही. मी तो एका तालुक्यातील द्विभाषिक दफनविधीपुरता आवळला, तेव्हा कोठे परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला.