तुम्ही विचारलंत म्हणून : तुमचं घर कुठं उभं आहे, मॅडम?

प्रश्न तोच असतो, विचारणारा बदलतो. किराणा दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरनं विचारलं, माझं तोंड उघडं असताना. "मॅडम, तुमचं स्वतःचं घर वावर मोडून पाडलेल्या लेआउटात. मग बाजूच्या वावरात लेआउट पडलं तर तुमच्या समितीच्या पोटात काहून दुखते?" तेव्हा नुसतं आ-आ करता आलं. आता सांगते.

हो, माझं घर वावरातच आहे, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून झालेल्या लेआउटात. आणि समिती म्हणजे या लेआउटात राहणाऱ्यांची. 2009 साली आम्ही दीड हजार फुटांचा प्लॉट घेतला. एकूण प्लॉट 64, गाव वर्धा जिल्ह्यातलं, गावठाणापासून चालत दहा मिनिटं. पायवा खोदताना पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खुंटं निघाली, ती मजुरांनी चहाच्या चुलीत घातली. वावर कुणाचं होतं ते मी विचारलं नाही. नाल्याचं वळण जेसीबीनं बुजवलं तेही मी पाहिलं होतं, आणि "बरं झालं, डास कमी होतील" असं म्हणाले होते. हे सगळं मला आठवतं. तुम्ही आठवण करून देता तेव्हा राग येतो तो त्यामुळेच.

पण एक गोष्ट कुणी ऐकूनच घेत नाही. लेआउट पडू नये असं आमच्या समितीनं कधी म्हटलेलं नाही. मागणी एकच होती : नाला जेवढा गावनकाशात आहे तेवढा जागेवर राहू द्या. गावनकाशात तो वळत-वळत जातो. आमच्या लेआउटच्या नकाशात मात्र पट्टीनं आखल्यासारखा सरळ. पाण्याला नकाशा वाचता येत नाही. त्यात आपली काळी माती. भिजली की फुगते आणि मग वरचं पाणी आत घेत नाही. 2022 च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात जो पाऊस झाला तो तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे खालच्या बारा घरांत पाणी शिरलं. माझ्या घरात दिवाणाच्या फळीपर्यंत आलं. धान्याची कोठी वाचली, लेकीची पुस्तकं गेली.

त्याआधी समिती म्हणजे गणपतीची वर्गणी आणि खांबावरचे दिवे. खरी समिती त्या पाण्यानंतर झाली. सचिव मला केलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. (अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष सगळे पुरुष. अक्षर कुणाचंच बरं नाही.)

मग डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्याकडे लोकांची भाषाच बदलली. एकरात बोलणारे लोक फुटात बोलायला लागले. रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, "एन.ए. (अकृषक) प्लॉट, सुलभ हप्ते" असे बोर्ड. पुढे आमच्याच जिल्ह्यातल्या पवनारहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग निघणार म्हटल्यावर तर जो तो दलाल. आमच्या धुऱ्यापलीकडचे काकाजी पाच एकरवाले. त्यांनी रस्त्याकडचे तीन एकर लेआउटसाठी द्यायचं ठरवलं, इसार (आगाऊ रक्कम) घेतला, आणि आम्ही हरकत टाकली.

अर्ज मी लिहिला. टायपिंगचे पैसे वाचवायला हातानं. अर्ज जोरदार झाला पाहिजे असं बैठकीत ठरलं होतं, म्हणून मी तो जोरदार केला.

काकाजी आणि मी यांच्यातली गोष्ट अशी की त्यांचे कागद मीच वाचायची. बँकेची चिठ्ठी असो, पीक विम्याचा कागद असो, पटवाऱ्याची नोटीस असो, ते थैलीत घालून आणायचे, अंगणातल्या खुर्चीवर बसायचे. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. सरकारी भाषा वाचायला कंटाळायचे. 2023 च्या उन्हाळ्यात असेच आले. "हे पाय काय आलं, वाचून दे ना व बाई."

मौका चौकशीची, म्हणजे जागेवर येऊन पाहणी करण्याची, नोटीस होती. तिच्यामागं आमच्या हरकतीची झेरॉक्स. माझं अक्षर.

मी पाणी आणायला आत गेले. आत जरा जास्तच वेळ लागला. फिल्टरजवळ उभी राहून विचार करत होते की चष्मा सापडत नाही म्हणावं. चष्मा डोळ्यावरच होता. बाहेर आले आणि वाचायला लागले. "सदर इसम नैसर्गिक नाला बुजवून प्लॉट पाडण्याच्या बेतात असून..." काकाजींनी थांबवलं.

"इसम म्हंजे कोन?"

"तुम्ही, काकाजी."

"हां. वाच पुढं."

पुढं वाचलं. एक ओळ गाळली. त्या ओळीत लिहिलं होतं की सदर इसमास केवळ पैशाचा हव्यास आहे. ती ओळ बैठकीत कुणी सांगितलेली नव्हती. ती माझी होती. अर्ज लिहिताना रात्रीचे अकरा वाजले होते आणि वाक्याला वजन येतंय असं वाटलं होतं, एवढंच. दिवाणाच्या फळीपर्यंतचं पाणी डोक्यात होतं असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर तेव्हा डोक्यात पाणी नव्हतं, वाक्य होतं.

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी नाला कधी बुजवला? माह्या वावरात थो हाये तसाच हाये. बुजवला तर तुमच्याकडच्यायनं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "उत्तरही तूच लिहून दे. तुह्यं अक्षर सायबाले समजते."

त्यांना कळलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. ते वाक्य मी शंभर वेळा उलटंपालटं करून पाहिलं आहे.

उत्तर मी लिहिलं. आमच्याच हरकतीला, आमच्याच सचिवानं. आणि माझ्या हातून आजवर लिहिला गेलेला तो सगळ्यात चांगला अर्ज आहे. हव्यास नाही, इसम नाही. फक्त एवढंच की नाला माझ्या वावरात मोजा, शेजारच्या लेआउटात मोजा, आणि गावनकाशाशी ताडून पाहा. मोजणी झाली. त्यांच्याकडे नाला नऊ मीटर रुंद, आमच्याकडे चार.

त्या दोन आकड्यांतून माझं काही तरी सिद्ध होतं आणि काही तरी मोडतं. नाल्याचं आमचं म्हणणं खरं निघालं. फक्त चोर आम्ही निघालो. समितीत मी हे मांडलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" मीही आवाज चढवून विचारलं, "खालच्या बारा घरांत तुमचं घर आहे का?" त्यांचं घर वरच्या बाजूला आहे.

चौकशीच्या गडबडीत घेणाऱ्यानं हात काढला आणि इसार परत मागितला. तोवर त्यातला अर्धा काकाजींच्या बोअरमध्ये गेला होता. बोअरला पाणी लागलं नाही, तो भाग वेगळा. त्यांनी उसनवार करून पैसे फेडले. पुढल्या वर्षी तेच तीन एकर एकरी दोन लाख कमी घेऊन दुसऱ्याला दिले. त्या दुसऱ्यानं हरकतीबिरकतीची पर्वा केली नाही. परवानगी आली, लेआउट पडलं, आणि नाला सिमेंटच्या पायपात गेला. म्हणजे आमच्या हरकतीनं फटका बसला तो एकट्या काकाजींना.

लोक म्हणतात, ग्रामसभेत का नाही लढलात? गेलो होतो. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे ती पटकन उरकली. आमच्या अध्यक्षांना गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा या गावाचं फार कौतुक, "आमच्या गावात आम्हीच सरकार" हे ते दर भाषणात म्हणतात. पण तिथं सगळं गाव बसून सर्वांच्या संमतीनं ठरवतं. आम्ही 64 प्लॉट, त्यातले निम्मे भाड्यानं दिलेले. गावाच्या ग्रामसभेत आम्ही "लेआउटवाले" म्हणून मागच्या रांगेत बसतो आणि घरी येऊन "गाववाले" म्हणून नाक मुरडतो.

आणखी एक सांगून टाकते, नाही तर तुम्हीच विचाराल. लेआउटमागं झुडपी जंगलाचा तुकडा आहे, गावची ढोरं तिथं चरतात. आमच्या समितीनं पाण्याच्या टाकीसाठी तिथली जागा मागितली होती. आमच्या खुल्या जागेच्या अर्ध्या भागात देऊळ आहे, उरलेल्या अर्ध्यात पावसाळाभर तरोट्याचं रान. टाकी तिथं बसली असती, पण देवळापुढं मांडव घालायला जागा लागते म्हणे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली 86 हजार हेक्टरच्या वर जमीन त्यात येते. आमची मागणी तिथंच संपली. मला मनातून बरं वाटलं. त्या मागणीवरही सही माझीच होती.

मग आता विरोध आहे की नाही? 2009 ची मी असते तर म्हणाले असते, घर सगळ्यांनाच पाहिजे. तिचं चुकतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण तिला धरून त्या वळणाजवळ उभं करावं आणि म्हणावं, बाई, प्लॉट घे, पण आधी हे पाणी कुठं जाईल ते विचार. ती विचारणार नाही. तिच्याकडे तेव्हा कर्जाची मंजुरी होती आणि भाड्याच्या खोलीत लहान लेकरू.

नव्या लेआउटात आता सात घरं झाली. त्यातले दोघं समितीत घ्या म्हणून आलेत. अध्यक्ष नाही म्हणतात. मी त्या दोघांना अर्ज देऊन ठेवलेत.

काकाजींचे मागचे दोन एकर अजून आहेत. यंदा पीक विम्याच्या वेळी तालुक्याच्या सेतू केंद्रात दिसले. तिथं तीस रुपयांत कागद लिहून मिळतो. मी माझ्या कामाला गेले होते. बाकावर जागा नव्हती. त्यांनी आपली थैली उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला सांगितलं. त्यांचा नंबर येईपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो.