अण्णांच्या ताटाची डावी बाजू

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात पक्षाघात झाला असे कोणी म्हणत नाही, ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. आमच्या घरात हे वारे दोनदा शिरले; आधी आत्याच्या उजव्या अंगावरून गेले आणि काही वर्षांनी अण्णांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, डाव्या अंगावरून. मेंदूचा डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू सांभाळतो आणि उजवा गोलार्ध डावी, त्यामुळे इजा कोणत्या बाजूला असावी याचा अंदाज डॉक्टरांनी स्कॅनच्या आधीच बांधला होता.

आत्याची वाचा गेली. बहुतेक माणसांची भाषा मुख्यतः डाव्या गोलार्धात असते. १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर पॉल ब्रोका यांनी, जवळजवळ ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत, त्याच्या मृत्यूनंतर, डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील इजा दाखवून दिली होती. आत्याला आमचे बोलणे समजत असे, पण पाणी मागायला तोंड उघडले की शब्द येत नसे, आणि आपले काय गेले आहे हे पुरते ठाऊक असल्यामुळे ती रडत असे. एकादशीच्या भजनात मात्र तिने अख्खा अभंग शब्दांसह म्हटला. बायकांनी हात जोडले; पण वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना तोंडपाठ गाणी म्हणता येतात.

अण्णांचे बोलणे शाबूत होते, म्हणून ते थोडक्यात निभावले असे आम्ही धरून चाललो. आमची चूक झाली ती इथेच.

चटणी, ठेचा, लोणचे ताटात डावीकडे वाढण्याची आपली पद्धत आहे. अण्णा उजवीकडची भाजी संपवत, भाकरीचाही उजवा अर्धा भागच खात आणि काकूवर डाफरत, “ठेचा केला न्हाईस का आज?” काकूने न बोलता ताट फिरवले की म्हणत, “आत्ता वाढलास व्हय?” त्यांची नजर चांगली होती, पण डावीकडे काही असते, याकडे त्यांचे लक्षच जात नव्हते. डॉक्टर याला ‘निग्लेक्ट’, म्हणजे दुर्लक्ष, म्हणतात. दाढीही ते उजव्या गालाचीच करत, आणि लुळ्या हाताविषयी विचारले तर “हाताला काय झालंय?” असे उलट विचारत. आपल्या व्याधीची जाणीवच नसण्याच्या या अवस्थेला १९१४ मध्ये फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’ हे नाव दिले. आम्ही मात्र त्याला हेकटपणा समजून त्यांच्याशी वाद घालत बसलो.

ही उणीव आठवणीतही शिरते. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझ्झात्ती या इटालियन संशोधकांनी मिलानमधील अशा रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरच्या चौकाचे मनातल्या मनात वर्णन करायला सांगितले, तेव्हा त्यांनी मुख्यतः उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत अशी कल्पना करायला लावताच आधी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि आधीच्या गळाल्या. हे वाचल्यावर मी अण्णांना वेशीतून पारापर्यंतची घरे विचारली. त्यांनी एकाच ओळीतली सांगितली. पारावरून वेशीकडे यायला सांगितले, तर समोरच्या ओळीतली.

काकूने आता ताटाच्या डाव्या काठावर तांबडी टिकली चिकटवली आहे आणि ती दिसेपर्यंत नजर नेत राहायचे, असे अण्णांना बजावले आहे. टिकली बहुधा सापडते. कधीकधी मात्र ती सापडल्याच्या आनंदात ते हात धुवायला उठतात आणि ठेचा तसाच राहतो.